कम्युनिटी कॉलेजमार्गे अंतराळात

२३ जुलै १९९९ रोजी ‘कोलंबिया’ हे स्पेस शटल अंतराळात झेपावले. त्याच्या पोटात ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण होती. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव तिला दिलेले असल्याने ती आपल्याला माहीत असते. यानाच्या कमांडरचे नाव मात्र फारसे कोणी सांगू शकणार नाही. त्या होत्या आयलीन कॉलिन्स, शटलचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला.

न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या लहान गावात त्या वाढल्या. घरची परिस्थिती ओढाताणीची. १९७४ मध्ये शाळा संपल्यावर त्यांनी कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात नाव घातले. १९७६ मध्ये गणित-विज्ञानाची दोन वर्षांची पदवी मिळवली आणि पुढे सिराक्यूज विद्यापीठातून १९७८ मध्ये गणित व अर्थशास्त्राची पदवी घेतली.

हा रस्ता जुना आहे. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट येथे एका हायस्कुलातच विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले. त्याला ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणत. (आपल्याकडच्या अकरावी-बारावीशी गल्लत नको!) १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले आणि अशी कॉलेजे गावोगावी निघावीत अशी शिफारस केली. फी कमी, प्रवेशाला गुणांची चुरस नाही, संध्याकाळचेही वर्ग. तिथे मिळवलेले श्रेयांक विद्यापीठाने मान्य केले, की विद्यार्थी थेट तिसऱ्या वर्षात जातो. आपल्याकडे तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, साधारण त्यातलाच प्रकार.

आयलीनबाईंना काळाचीही साथ मिळाली. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदाला मनाई करणारा कायदा १९७२ चा. १९७६ मध्ये अमेरिकन हवाई दलाने वैमानिक प्रशिक्षण स्त्रियांना खुले केले. १९७८ मध्ये ‘नासा’ने पहिल्या सहा स्त्रिया अंतराळवीर म्हणून निवडल्या आणि त्याच वर्षी आयलीन वैमानिक प्रशिक्षणाला दाखल झाल्या. दारे उघडली, तेव्हा त्यांच्या हाती गणिताची पदवी होती.

माझ्या मते या गोष्टीत विमानापेक्षा गणित महत्त्वाचे आहे. अभियांत्रिकीला जायचे, तर कम्युनिटी कॉलेजातच कलनशास्त्राचे सगळे टप्पे आणि भौतिकशास्त्र पुरे करावे लागते. शाळेतले बीजगणित कच्चे असेल, तर आधी तेच पुन्हा शिकायचे. कलनाच्या पहिल्या पाठापर्यंत पोचायलाच वर्ष जाते, दोन वर्षांची तीन-चार होतात, फी वाढत राहते. एखादा विषय विद्यापीठाने मान्य केला नाही, तर तोही पुन्हा. नोकरी आणि मूल सांभाळून अर्धवेळ शिकणाऱ्या बाईची वाट अनेकदा इथेच अडते. या कॉलेजांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी स्त्रिया आहेत. अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र त्या थोड्याच दिसतात.