धामणगाव रेल्वे : एक पत्ता आणि कार्ड वाचणारे यंत्र

व्हिजिटिंग कार्डाचे छायाचित्र घ्यावे, आणि त्यावरील नाव, हुद्दा, पेढी, पत्ता व दूरध्वनी क्रमांक आपोआप निरनिराळ्या रकान्यांत जाऊन बसावेत, ही सोय आता नवलाची राहिलेली नाही. अशी ॲप्स आखण्याचा प्रश्न सहसा तांत्रिक समजला जातो. आम्हांस तो बराचसा इतिहासाचा वाटतो. कोणत्या शब्दाला कोणता रकाना द्यावा हे ठरविताना त्या शब्दाचा इतिहास ठाऊक असावा लागतो, आणि रकाने आखणाऱ्याला तो ठाऊक असेलच असे नाही. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

गावाच्या नावातच पहिली अडचण आहे. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला, आणि त्या मार्गावरच्या स्थानकामुळे धामणगावला कापसाच्या व्यापारात महत्त्व आले. यवतमाळकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. वऱ्हाडात धामणगावे अनेक. बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. तेव्हा ओळख पटावी म्हणून ‘रेल्वे’ हा शब्द गावाला कायमचा चिकटला. शेजारच्या चांदूरचेही तेच झाले. चांदूर बाजारापासून वेगळे ओळखू यावे म्हणून ते चांदूर रेल्वे झाले. आता कार्ड वाचणाऱ्या यंत्राला ‘रेल्वे’ हा शब्द दिसला की ते काय करील? त्याच्या शिकवणीप्रमाणे रेल्वे ही संस्था आहे. परिणामी धामणगावचा एखादा सरकी-ढेपेचा व्यापारी साठवणीत रेल्वेचा नोकर होऊन बसण्याची शक्यता आहे. शिवाय स्थानकाच्या नावात नुसते ‘धामणगाव’ आणि जनगणनेत ‘दत्तापूर धामणगाव’. एकाच गावाची तीन नावे, तिन्ही खरी.

गाव सोडून राज्याकडे वळावे तर तेथेही स्थैर्य नाही. बाजारपेठेतील एखादे दुकान १९३५ पासून आजवर जागचे हललेले नाही असे समजू. त्याच्या पहिल्या छापील कागदावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेल. १९५० नंतरच्या कागदावर ‘मध्य प्रदेश’, १९५६ च्या नोव्हेंबरनंतर ‘मुंबई राज्य’ आणि १ मे १९६० पासून ‘महाराष्ट्र’. पिनकोड तर १९७२ साली आला. दुकान तेच, ओटा तोच, पत्ते चार. जुन्या कागदांची चित्रे ॲपमध्ये चढविणाऱ्याला यंत्र एक तर चार वेगळी दुकाने दाखवील, नाही तर जुने तीन पत्ते ‘चुकीचे’ ठरवून पुसून टाकील. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक वाईट वाटते.

माणसांच्या नावांत हाच गोंधळ अधिक खोल जातो. संपर्काची माहिती साठविण्याचा जो साचा, व्हीकार्ड, आज सर्वत्र चालतो, तो १९९० च्या दशकाच्या मध्यास ॲपल, आयबीएम, एटी अँड टी आणि सीमेन्स या कंपन्यांच्या एका गटाने घडविला. त्यात आडनाव, स्वतःचे नाव, मधली नावे, आधीची बिरुदे, नंतरची बिरुदे असे क्रमवार खण आहेत. मराठी नाव वरवर त्यात नीट बसते. पण ‘देशमुख’, ‘देशपांडे’, ‘कुळकर्णी’, ‘पाटील’ ही आडनावे मुळात हुद्दे होती. हुद्दा गेला आणि आडनाव उरले. आणि पूर्णपणे गेला असेही नाही, कारण ‘पोलीस पाटील’ हे पद आजही आहे. कार्डाच्या दुसऱ्या ओळीत ते असेल तर ते हुद्द्याच्या रकान्यात जावे, पहिल्या ओळीत ‘पाटील’ असेल तर आडनावाच्या. हे माणसाला क्षणात कळते, यंत्राला शिकवावे लागते. पेढ्यांची तऱ्हा त्याच्या उलट. बापलेकांची किंवा भावाभावांची नावे जोडून पेढीचे नाव करण्याची रीत मारवाडी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडात रुजविली. ते नाव वाचून यंत्र एक अस्तित्वात नसलेला माणूस निर्माण करते, आणि खतावणीत पिढ्यान्‌पिढ्या एकाच खात्यावर चाललेली पेढी कोणा एकाच्या नावे जमा होते.

कार्ड नव्हते तेव्हा ओळख कशी पटे? कापसाच्या व्यापाराने त्याची उत्तरे केव्हाच शोधली होती. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडच्या बाजारांत दलाल व मापारी यांना परवाने घ्यावे लागू लागले. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने दाबलेल्या प्रत्येक गाठीवर कारखान्याला नेमून दिलेली खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले. गाठ कोठेही जावो, खुणेवरून कारखाना सापडे. त्या खुणेत नाव नव्हते, पत्ता नव्हता. अर्थ सांगणारी नोंद दुसरीकडे होती आणि खूण जशीच्या तशी राही. ॲप आखणाऱ्यांनी या व्यवस्थेकडे एकदा पाहावे असे आम्हांस वाटते.

आता वाचण्याकडे वळू. देवनागरी यंत्राकडून वाचवून घेण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. सिन्हा आणि महाबल यांचा या विषयावरील निबंध १९७९ चा. बांगला व देवनागरी या दोन्ही लिप्या वाचणारी पाल आणि चौधरी यांची प्रणाली १९९७ ची. शिरोरेषा सगळी अक्षरे एकत्र बांधते, म्हणून ती आधी काढून अक्षरे सुटी करावीत ही त्या काळची एक प्रमुख युक्ती. पण ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला भेद पुष्कळसा त्या रेषेच्या तुटण्यावरच अवलंबून आहे. रेषा गेली की धामणगावचे ‘घामणगाव’ व्हायला वेळ लागत नाही. (मे महिन्यात वऱ्हाडात गेलेल्यास ही चूक वाटणार नाही, ती गोष्ट वेगळी.) आज गूगलच्या साधनांसह अनेक तयार साधने देवनागरी बऱ्यापैकी वाचतात. तरी हिंदी मजकुरावर वाढलेले यंत्र ‘वऱ्हाड’ या शब्दापाशी अडखळण्याचा संभव राहतोच, कारण त्यातला अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. वाचला गेला तरी संकट सरत नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एकाने साठविलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्याला सापडत नाही. साठवण्याआधी दोहोंचे एक रूप करून घेणे ही काही ओळींची गोष्ट आहे, आणि ज्याला मराठी येते त्यालाच ती सुचते.

येथे एक मौज नमूद करण्याजोगी आहे. तालुक्याच्या गावी कार्डे छापणारी मंडळी कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या धाटणीच्या टंकांनी मजकूर जुळवीत आली. त्या टंकांची संकेतपद्धती निराळी असल्यामुळे मूळ फाईलमधला मजकूर उचलून दुसरीकडे नेला तर निरर्थक चिन्हांचा ढीग हाती येतो. छापलेला कागद मात्र कोणालाही वाचता येतो. म्हणजे मराठी कार्डापुरते तरी संगणकातल्या फाईलपेक्षा कागदाचा फोटो अधिक विश्वासाचा!

म्हणूनच फोटो टाकून देऊ नये, हा आमचा पहिला आग्रह. पुष्कळ कार्डांवर एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी असते. दोन्ही बाजू घ्याव्यात. इंग्रजीत ‘काळे’ आणि ‘काले’ एकाच स्पेलिंगने लिहिले जातात, तो उलगडा मागच्या बाजूसच होतो. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो हे खरे, पण कार्डावर मालक ‘ळ’च छापतो. कार्ड कोणत्या दिवशी हाती आले ती तारीख नोंदवावी, आणि पत्ता बदलला तर जुन्यावर नवा न लिहिता त्याच्याखाली लिहावा, जसा वहीत लिहिला जातो.

दुसरा आग्रह संग्रह कोठे ठेवावा याविषयी. २४ नोव्हेंबर २०२० रोजी भारत सरकारने ४३ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत कार्ड वाचणारे कॅमकार्ड होते. त्याच शांघायच्या कंपनीचे कॅमस्कॅनर जूनमध्येच बंद झाले होते. बंदीच्या योग्यायोग्यतेत आम्ही शिरत नाही. पण अशा ॲपमध्ये असतात ती दुसऱ्यांची नावे आणि दुसऱ्यांचे क्रमांक. कार्ड देणाऱ्याने ते एका माणसाच्या हाती दिलेले असते, दूरदेशीच्या सर्व्हरला नव्हे. संग्रह प्रथम फोनमध्येच राहावा, मालकाला हवा तेव्हा साध्या फाईलीत उतरवून घेता यावा, आणि ॲप बंद पडले तरी ती फाईल उघडावी. धामणगावच्या आडत्याची वही दिवाणजी सोडून गेला तरी पेढीवरच राहत असे.