खोकल्याच्या औषधांचे हरित प्रतिदीप्तिमापन

खोकल्याच्या औषधांचे हरित प्रतिदीप्तिमापन ही कोडीन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांसारखी नशेसाठी गैरवापर होणारी औषधे अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने, घातक द्रावक शक्यतो टाळून, ओळखण्याची व मोजण्याची पद्धत होय.

पार्श्वभूमी

कोडीन हे अफूतील अल्कलॉइड १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या (एनडीपीएस) कक्षेत येते. मात्र औषधाच्या एका मात्रेत ते १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि मिश्रणात २.५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल, तर वैद्यकीय वापरासाठी सूट आहे. १ मार्च २०१४ पासून कोडीन अनुसूची एच-१ मध्ये असून औषधविक्रेत्याला त्याच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. ठाणे जिल्ह्यात, विशेषतः भिवंडी परिसरात, कोडीनयुक्त सिरपचे बेकायदा साठे वेळोवेळी पकडले गेले आहेत.

नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम कोडीन फॉस्फेट असते. म्हणजे १०० मिलिलिटरच्या दहा बाटल्यांत ते अवघे २ ग्रॅम भरते. सिरपचे वजन मात्र १ किलोच्या वर जाते. कोडीनची ‘व्यापारी मात्रा’ १ किलो आहे आणि हिरा सिंग खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचे एकूण वजन धरावे असे ठरवले. त्यामुळे सूट लागू होते की नाही, या प्रश्नावर आरोपीचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते आणि तीव्रतेचे अचूक मापन निर्णायक ठरू शकते.

तत्त्व

काही रेणू अतिनील प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. यास प्रतिदीप्ती म्हणतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन सुमारे २८० नॅनोमीटरला उत्तेजित होऊन ३१० च्या आसपास, तर कोडीन सुमारे २८५ ला उत्तेजित होऊन ३४५ च्या आसपास प्रकाश देते. दोन्ही मुळातच प्रतिदीप्त असल्याने रंजक अभिकर्मक जोडण्याची गरज नसते. सिरपचा नमुना पाण्याने किंवा इथेनॉलने बराच पातळ करून तपासता येतो. सिरपमधील रंग प्रकाश शोषून मापन बिघडवतात. पातळ केल्याने हा दोषही कमी होतो.

पर्यावरणीय बाजू

उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनात मिनिटाला १ मिलिलिटर द्रव वाहिला, तरी आठ तासांत जवळपास अर्धा लिटर द्रावकमिश्रित सांडपाणी तयार होते. त्यात बहुधा अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल असते. शहापूर व मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यांत प्रयोगशाळा उभारताना हा मुद्दा गौण नाही. आसनगावला औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण देणारे महाविद्यालय आहे, आणि मुंबईची तहान भागवणारे तानसा व भातसा जलाशयही याच शहापूर परिसरातले.

पद्धत कितपत हरित आहे हे ‘अ‍ॅनॅलिटिकल इको-स्केल’ (१०० मधून दंडगुण वजा) किंवा ‘अ‍ॅग्री’ (० ते १) या मापनपट्ट्यांनी ठरवतात. उत्तर बरोबर आले की नाही, हे मात्र त्या सांगत नाहीत.

मर्यादा

प्रतिदीप्ती ही प्राथमिक चाचणी आहे. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे आरशातील प्रतिबिंब असलेले लेव्होमेथॉर्फन हे नियंत्रित अंमली द्रव्य आहे. साध्या प्रतिदीप्तीत दोन्ही सारखीच दिसतात. न्यायालयीन पुराव्यासाठी वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमितीने खातरजमा आवश्यक असते. भेसळीमुळे बालमृत्यूंना कारणीभूत ठरलेले डायएथिलीन ग्लायकॉलही या पद्धतीने थेट सापडत नाही, कारण त्याला स्वतःची प्रतिदीप्ती नसते.