कीबोर्ड, टचस्क्रीन, माइक: इनपुट-आउटपुट डिव्हाइस चांगलं आहे हे कसं ठरवायचं?

नवीन मोबाईल घेताना आपण रॅम, बॅटरी आणि कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघतो. पण दिवसभर आपला संबंध येतो तो कीबोर्ड, स्क्रीन, माइक आणि स्पीकरशी. आपण दिलेली माहिती आत घेतं ते इनपुट डिव्हाइस, आणि आतली माहिती आपल्याला दाखवतं किंवा ऐकवतं ते आउटपुट डिव्हाइस. टचस्क्रीन ही दोन्ही कामं करते. ही साधनं आपल्या किती उपयोगाची आहेत, हे स्पेसिफिकेशनच्या यादीतून कळत नाही. ते मोजावं लागतं.

नेमकं काय मोजतात?

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात तीन गोष्टी सांगितल्या आहेत:

- परिणामकारकता: काम पूर्ण आणि बिनचूक झालं का?
- कार्यक्षमता: त्यासाठी किती वेळ आणि किती मेहनत लागली?
- समाधान: वापरणाऱ्याला कसं वाटलं?

यात एक महत्त्वाची अट आहे. कोण वापरतंय, कोणत्या कामासाठी आणि कुठे, हे आधी ठरवायचं. शांत खोलीत व्हॉइस टायपिंग मस्त चालतं, पण गर्दीच्या लोकलमध्ये तेच निरुपयोगी ठरू शकतं. म्हणून ‘सगळ्यात चांगला कीबोर्ड कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं.

माउस कसा जिंकला?

१९७८ मध्ये झेरॉक्स पार्कमधल्या कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी स्क्रीनवरचा मजकूर निवडण्यासाठी माउस, जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या बटणांची तुलना प्रसिद्ध केली. माउस सगळ्यात वेगवान ठरला आणि त्यात चुकाही सगळ्यात कमी झाल्या.

या तुलनेत फिट्सचा नियम कामी आला. पॉल फिट्स यांनी तो १९५४ मध्ये मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. ॲपमधलं बारीकसं ‘बंद करा’ बटण का चुकतं, याचं उत्तर इथेच आहे. म्हणूनच अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत बटणाचा स्पर्शभाग किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर ठेवायला सांगितलं आहे.

मराठी टायपिंगचा वेग मोजताना

टायपिंगचा वेग ‘शब्द प्रति मिनिट’ यात मोजतात. इंग्रजीत स्पेस धरून ५ कॅरेक्टर म्हणजे एक शब्द, असा हिशोब असतो. मराठीत तो गडबडतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द बघा. डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन: वि, द्या, र्थी. पण युनिकोडमध्ये त्याची १० कॅरेक्टर होतात, कारण मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. म्हणजे इंग्रजीच्या हिशोबाने हा एकच शब्द दोन शब्दांएवढा होतो! म्हणून इंग्रजी आणि मराठीच्या आकड्यांची थेट तुलना करू नका. तेच मराठी वाक्य वेगवेगळ्या कीबोर्डवर लिहून वेळ मोजा.

कीबोर्डची रचनाही फरक पाडते. आयआयटी मुंबईच्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डमध्ये व्यंजन दाबून धरलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं. बोट सरकवलं की व्यंजन आणि मात्रा एकदम उमटतात. फोनेटिक कीबोर्डवर रोमन अक्षरं लिहून मराठी मिळतं. आता दोन्हींवर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहून बघा. पहिला म्हणजे समुद्र, दुसऱ्या म्हणजे डोंगरातल्या. ज्या कीबोर्डवर हा फरक सहज लिहिता येत नाही, तो कितीही वेगवान असला तरी मराठीसाठी अपुराच.

आउटपुटचं काय?

१२० हर्ट्झ स्क्रीनवर चित्र दर ८.३ मिलिसेकंदाला बदलू शकतं, ६० हर्ट्झवर १६.७ मिलिसेकंदाला. स्क्रोलिंग गुळगुळीत होतं, पण उन्हात अक्षरं वाचता आली नाहीत तर त्याचा फायदा काय? वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा. मराठीसाठी आणखी एक तपासणी करा. सेटिंगमध्ये फॉन्ट सगळ्यात मोठा करा आणि वरच्या वेलांट्या, अनुस्वार, खालचे उकार कापले जातात का ते बघा. आजीचा फोन असेल तर ही चाचणी आधी करा.

घरच्या घरी चाचणी

१. रोज लागणारी १० वाक्यं निवडा. त्यात जोडाक्षरं, ‘ळ’, ‘ॲ’ आणि आकडे असू द्या.
२. घरातल्या वेगवेगळ्या वयाच्या चार-पाच जणांना दोन कीबोर्डवर तीच वाक्यं लिहायला सांगा.
३. निम्म्यांनी आधी पहिला कीबोर्ड वापरायचा, निम्म्यांनी दुसरा. नाहीतर सरावाचा फायदा नंतरच्याला मिळतो.
४. वेळ, खोडलेल्या चुका आणि शेवटी राहून गेलेल्या चुका वेगवेगळ्या लिहा.
५. ‘हा कीबोर्ड रोज वापराल का?’ असं विचारा.
६. आठवड्याने पुन्हा मोजा. नवीन कीबोर्ड पहिल्या दिवशी नेहमीच हळू वाटतो.

‘मला मराठी टायपिंग जमत नाही’ म्हणत अनेकजण रोमनमध्ये लिहायला लागतात. दोष दरवेळी आपल्या बोटांचा नसतो. एकदा मोजून बघा. जमत नाही ते तुम्हाला की कीबोर्डला, हे आकडे सांगतील.