परळमधून निघालेला फोलेटचा धागा

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर आली, ती गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा छडा लावायला. मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या, विशेषतः मुसलमान घरांतल्या कित्येकजणी त्यानं दगावत. या बायका काय जेवतात, कशा राहतात, याची विल्स आणि सहसंशोधक तळपदे यांनी पाहणी केली. १९३० साली ती छापून आली. औषधाआधी बाईच्या ताटाची चौकशी झाली, याचं मला फार मोल वाटतं.

लिव्हरचा अर्क गुणकारी होता, पण महाग. विल्सनं मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळा खारट अर्क, देऊन पाहिला आणि बायकांच्या अंगात रक्त भरू लागलं. १९३१ साली तिनं हे प्रसिद्ध केलं. तो गुण ज्याचा, ते फोलिक ॲसिड, म्हणजेच फोलेट, १९४१ मध्ये टेक्सासात टनावारी पालकातून वेगळं काढलं गेलं.

पुढे बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बरनं ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, मुलांना फोलिक ॲसिड दिलं, तर रोग उलट बळावलेला दिसला. मग त्यानं जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या चमूनं बनवलेली फोलेटविरोधी औषधं वापरली. १९४८ च्या अहवालात १६ पैकी १० मुलांना काही काळ उतार पडला होता.

त्याच कुळातलं पिवळंधमक मेथोट्रेक्सेट मी परळच्याच वॉर्डात वर्षानुवर्षं मुलांना दिलं. आया विचारायच्या, "सिस्टर, हा पोटात असताना माझ्या खाण्यात काय चुकलं?" सासू शेजारी असली तर हळूच. कुणी पपई खाल्लेली, कुणी ओकाऱ्यांनी महिनोन् महिने उपाशी. मी प्रत्येकीला ठामपणे सांगायची: बाई, तुझं काही चुकलेलं नाही. बहुतेक मुलांत या आजाराचं नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही.

आईच्या आहाराचा संबंध मुळीच नसेल, असंही नाही. कॅनडात १९९८ पर्यंत पिठात फोलिक ॲसिड घालणं सक्तीचं झालं, ते बाळाच्या मणक्यातले दोष टाळायला. त्यानंतर ओंटारिओत न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग सुमारे ६० टक्क्यांनी घटलेला आढळला. तान्ह्या बाळांच्या ल्युकेमियात मात्र फरक दिसला नाही. तिथे ही जबाबदारी सरकारनं पिठाच्या गिरण्यांवर टाकली, एकट्या आईवर नाही. आपल्याकडेही मला तेच हवं आहे.