गाडी 'पास' झाली म्हणजे नक्की काय झालं?

मंडळी, आपल्याकडे पोरगं दहावी पास होतं आणि गाडीपण पास होते. पोराचे मार्क कुणीतरी विचारतो. गाडीला कुणी विचारत नाही. "पासिंग झालं का?" "झालं." विषय संपला.

गेली वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. नीरा-बारामती रस्त्यावरच्या अपघातांच्या किती बातम्या लिहिल्या, आता मोजत नाही. वाघळवाडी, करंजेपूल, होळ, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, गावाचं नाव फक्त बदलतं. बातमी दोन दिवसांत शिळी होते, पण घरच्यांचं प्रकरण पुढं कित्येक वर्षं चालतं. नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील ज्या गोष्टींवर बोट ठेवतो त्यात एक हमखास असते: अपघाताच्या दिवशी गाडीचं फिटनेस चालू होतं का? म्हणजे ज्या कागदाकडं वर्षभर कुणी बघत नाही, तोच कागद एखाद्या विधवा बाईच्या भाकरीचा प्रश्न होऊन बसतो. म्हणून हा कागद आला कुठून, ते आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण गाडी असेल किंवा पोरगं स्कूलबसनं जात असेल तर वाचा.

मोटारीच्या आधीपासून सुरुवात करू. भाड्याच्या वाहनावर सरकारनं नजर ठेवायची ही कल्पना घोड्यांच्या काळातली. मुंबईत भाड्याच्या बग्ग्यांसाठी 1863 सालीच कायदा झाला होता. 1920 साली त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. टांग्याला परवाना आणि बिल्ला लागायचा. तत्त्व साधं होतं. जो माणूस पैसे देऊन दुसऱ्याच्या गाडीत बसतो, त्याला चाकाचा आरा तुटलाय का ते कळत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी बघायचं.

मग मोटार आली. सगळ्या देशाला लागू होणारा पहिला मोटार कायदा 1914 चा. त्यात भर होता नोंदणीवर, चालकाच्या लायसनवर आणि बेफाम गाडी हाकणाऱ्याला शिक्षा करण्यावर. तेव्हा मोटारी होत्याच किती! संस्थानिक, गोरे साहेब आणि मोजके शेठ.

खरी गर्दी झाली पहिल्या महायुद्धानंतर. 1920 ते 30 च्या काळात ठिकठिकाणी 'सर्व्हिस मोटारी' सुरू झाल्या. जुन्या माणसांच्या तोंडी आजही हा शब्द ऐकायला मिळतो. एका गाडीचा एक मालक, तोच कधी कधी ड्रायव्हर. सीटा भरल्याशिवाय गाडी सुटायची नाही आणि भरल्या तरी आणखी चार माणसं कोंबायची. मोटार गावाच्या वेशीपर्यंत यायची, रेल्वे स्टेशनापर्यंतच न्यायची. साहजिकच रेल्वेचे प्रवासी फुटू लागले.

आता गंमत बघा. सरकार जागं झालं ते अपघातांनी जेवढं, त्याहून जास्त रेल्वेच्या तोट्यानं. रस्ता आणि रेल्वे यांच्यातल्या स्पर्धेचा अभ्यास करायला मिचेल आणि किर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना नेमलं, त्यांचा अहवाल आला 1933 ला. मग रेल्वेच्या कारभारावर वेजवूड समिती बसली, तिचा अहवाल 1937 चा. आणि 1939 साली नवा मोटार वाहन कायदा आला. भाड्याच्या गाडीला परमिट, परमिट द्यायला प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, आणि गाडी धडधाकट असल्याचा दाखला, हे सगळं त्या एका कायद्यात होतं. त्याचं कलम 38 म्हणजे आपल्या पासिंगचा जन्मदाखला.

त्या कलमाची भाषा फार कडक होती. फिटनेसचा दाखला नसेल, तर वाहतुकीच्या गाडीची नोंदणीच वैध धरली जाणार नाही. म्हणजे नंबरप्लेट असली तरी कायद्याच्या डोळ्यांना ती गाडी बिननोंदणीची. 1988 चा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला, त्याच्या कलम 56 मध्येही हीच भाषा ठेवली. आजही फिटनेस संपलेली गाडी रस्त्यावर सापडली की दंड बिननोंदणी गाडीचा लागतो. पहिल्या वेळी दोन ते पाच हजार. दुसऱ्या वेळी दहा हजारांपर्यंत, आणि कैदही होऊ शकते.

कायदा एवढा कडक, मग अंमल ढिला का? मला वाटतं, उत्तर त्याच्या जन्मातच आहे. हा दाखला परमिटच्या सोबतीनं आला. टॅक्स, परमिट, विमा, फिटनेस अशी कागदांची माळ झाली आणि त्या माळेत फिटनेसही एक कागदच झाला. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, हळूहळू सर्व्हिस मोटारी गेल्या, ट्रक वाढले, पण पासिंगची रीत काही बदलली नाही.

ती रीत ट्रकवाल्यांना विचारा. पासिंगच्या आधी आठ दिवस गाडी गॅरेजला. केबिनला रंग, फाळक्याला रंग, मागं 'हॉर्न ओके प्लीज' नव्यानं. मित्राच्या गाडीचे चांगले टायर दोन दिवसांसाठी उसने. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घासून ठसा घ्यायचा. मग एजंट. मग साहेब गाडीभोवती एक चक्कर मारणार, लाइट लाव, हॉर्न वाजव, वायपर चालव. झाली गाडी पास. संध्याकाळी उसने टायर परत. सगळीकडं असंच चालायचं असं मी म्हणत नाही, नीट गाडी बघणारे इन्स्पेक्टरही होते आणि आहेत. पण चाळीस-पन्नास गाड्यांची रांग आणि बघायला एक माणूस असला, तर तो तरी काय बघणार?

नियमात मात्र सगळं लिहिलेलं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला नियम 62. हेडलाइटचा झोत, मागचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काच, हॉर्न, सायलेन्सर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टेअरिंग. यातला ब्रेक कसा तपासणार? उभ्या गाडीचा ब्रेक कळत नाही. गाडी पळवावी लागते आणि दाबून बघावा लागतो. आणि पळवायला जागाच नव्हती.

हा प्रश्न हायकोर्टात नेला पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी. 2013 ची जनहित याचिका. मुंबई उच्च न्यायालयानं 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं, की चाचणी नियमाप्रमाणंच झाली पाहिजे आणि ब्रेक बघायला 250 मीटरचा ट्रॅक पाहिजे. ज्या आरटीओकडं ट्रॅक नाही, तिथं पासिंग बंद करायची वेळ 2017 च्या नोव्हेंबरात आली. त्या वेळची बोंबाबोंब आठवत असेल. पुण्याच्या मोठ्या गाड्या दिवे घाट चढून दिव्याच्या ट्रॅकवर जाऊ लागल्या. ट्रकवाले वैतागले, दिवस मोडतोय, डिझेल जळतंय. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दुसरी बाजूही बघा. 1939 ला दाखला आला आणि गाडी पळवून ब्रेक बघायची नीट सोय करा म्हणून 2016 ला कोर्टाला सांगावं लागलं. मध्ये 77 वर्षं गेली.

त्याच काळात दोन बदल आणखी झाले, ते गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावेत. डिसेंबर 2016 च्या नियमानं फिटनेस संपल्यावर दर दिवसाला 50 रुपये जादा फी आली. हिशेब करा. रिक्षा वर्षभर दारात उभी राहिली तर 365 गुणिले 50, म्हणजे 18,250 रुपये. जुन्या रिक्षाची किंमत तरी तेवढी येते का? यावरून 2024 ला राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले आणि राज्य सरकारला त्या वसुलीला स्थगिती द्यावी लागली. दुसरा बदल 2018 चा. आठ वर्षांपर्यंतच्या वाहतूक गाडीला फिटनेस दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी.

आणि आता यंत्र आलंय. 2021 च्या नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रं आणली. गाडी रोलरवर चढते, ब्रेक किती लागतो ते यंत्र सांगतं, हेडलाइट, धूर, स्टेअरिंगचा ढिलेपणा, सगळ्याची नोंद संगणकात. चाचणी करणाऱ्याला गाडी दुरुस्तीचा धंदा करता येत नाही, म्हणजे "आमच्याकडंच दुरुस्त करा, पास करतो" हे चालू नये. चांगलं आहे. पण यंत्र चालवणार माणूसच, आणि केंद्र लांब असलं की एजंट परत जवळचा वाटायला लागतो, हेही लक्षात ठेवावं लागेल.

इंग्लंडमध्ये काय झालं तेही थोडक्यात सांगतो. तिथं 1960 ला घरगुती गाड्यांची चाचणी सुरू झाली, तीही फक्त दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची. इतक्या गाड्या नापास झाल्या, की लगेच वयाची अट सात वर्षांवर आणली आणि 1967 ला तीन वर्षांवर. म्हणजे तीन वर्षं झाली की प्रत्येक साध्या मोटारीची दरवर्षी तपासणी. आपल्याकडं खासगी मोटार आणि मोटारसायकल पहिल्यांदा तपासली जाते ती पंधरा वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. कारण आपला दाखला जन्मला भाड्याच्या गाडीसाठी. ब्रेकला मात्र भाड्याची गाडी कुठली आणि घरची कुठली, ते कळत नाही.

आता आपल्या रस्त्यावर या. सोमेश्वर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, गव्हाणीत मोळी पडली, की या रस्त्यावरची सगळ्यात जड वाहनं कुठली? उसाचे ट्रॅक्टर-ट्रेलर. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रेलर, वर उसाचे वाढे बाहेर लोंबतायत, मागचा दिवा उसाखाली गेलेला. आणि कायद्यात शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर वाहतूक वाहन धरला जात नाही. म्हणजे त्याला दरवर्षीचं पासिंग नाही. स्वतःच्या रानातून खळ्यापर्यंत जाण्यापुरतं हे बरोबर आहे. शेतकऱ्याला उगाच आरटीओची वारी कशाला? पण तोच ट्रॅक्टर चार-पाच महिने रात्रंदिवस भाड्यानं ऊस ओढतो, तेव्हा त्याचं काम ट्रकचं असतं. बैलगाडी आणि टायरगाडीला तर कुठलाच कागद नाही.

रात्रीचं गणित मांडून बघा. मोटारसायकल ताशी 60 नं चाललीय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. पुढं उभा ट्रेलर 40 मीटरवर दिसला, तर हातात सव्वादोन-अडीच सेकंद. समोरून दुसऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यात असेल तर तेवढेही नाहीत. आपल्या भागातल्या किती घरांत हे गणित चुकलंय, ते मी इथं लिहायची गरज नाही.

दर हंगामाला ट्रेलरला रेडियम लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो येतात, आम्हीच छापतो. रेडियम पाहिजेच. पण रेडियम ही तपासणी नव्हे. ट्रेलरला ब्रेक आहे का, जोडाची पिन झिजलीय का, मागचा दिवा लागतो का, टायर तारेवर आलेत का, हे कुणी बघतं का?

माझं म्हणणं एवढंच. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आपल्याकडं ऊस वाहतुकीचे करार हंगामाच्या आधी होतात, वाहनांची यादी कारखान्याकडं असते, आणि सगळी वाहनं शेवटी एकाच काट्यावर येतात. मग मोळी टाकायच्या आधी दोन-तीन दिवस तिथंच ब्रेक, दिवे, पिन आणि टायर बघायला काय हरकत आहे? मेकॅनिक आपलाच, गाडी आपलीच, आणि त्या रस्त्यानं जाणारं पोरगंही आपलंच. सभासद म्हणून वार्षिक सभेत आपण उसाचा दर विचारतो. तो विचारलाच पाहिजे. त्याच्या शेजारी हा एक प्रश्न बसवा.

तोपर्यंत घरबसल्या दोन कामं करा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस कुठल्या तारखेपर्यंत आहे ते दिसतं. आपल्या गाडीची तारीख बघा. आणि मुलं ज्या स्कूलबसनं जातात तिचीपण बघा. संपलेली दिसली तर आधी भांडू नका, ड्रायव्हरदादाला फोन करून विचारा. पण विचारा.

तुमच्या गावात वाहन तपासणीचा चांगला किंवा वाईट अनुभव असेल तर खाली लिहा. कुणाचं नाव घेऊ नका. गाव आणि महिना लिहिलात तरी चालेल.