विजेची पेटी किती दिवस टिकते?

जर्मनी, स्वीडन, कॅनडा अशा थंड देशांत ऑक्टोबर संपत आला, की मोटारसायकली घरात जातात. रस्त्यावर बर्फ, तो वितळवण्यासाठी टाकलेले मीठ आणि त्या मिठाने गंजणारे लोखंड! मग मार्च-एप्रिलपर्यंत गाडी बाहेर निघत नाही. जर्मनीत तर १९९७ पासून वर्षातील ठरावीक महिन्यांपुरतीच वैध असणारी नंबरप्लेट मिळते. गाडी ठेवण्यापूर्वी इंजिनातील तेल बदलतात, टाकी पेट्रोलने भरतात (रिकाम्या जागेतील बाष्पाचे पाणी होऊन आतला पत्रा गंजू नये म्हणून) आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवतात. पहिल्या दोन गोष्टी सहज पटतात. पण जी वापरलीच नाही, ती बॅटरी का उतरावी?

हा प्रश्न बॅटरीइतकाच जुना आहे. १८५९ मध्ये फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे, मध्ये काही अंतर राखून, गुंडाळले आणि विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवले. त्यांतून वीज सोडली, की ती साठत असे व परतही मिळत असे. मात्र पत्रे तयार होण्यासाठी ते महिनोन् महिने पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करावे लागत. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या ऑक्साइडचा लगदा पत्र्यांवर थापला आणि हे काम सोपे केले. त्याच वर्षी फोर यांचे चार भरलेले घट एका पेटीतून पॅरिसहून ग्लासगोला विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांच्याकडे गेले. जेमतेम घनफूटभर पेटी, सुमारे ७२ तासांचा प्रवास, आणि आतली वीज शाबूत! वृत्तपत्रांनी तिला ‘विजेची पेटी’ म्हटले.

तीन दिवस ठीक. पण तीन महिने? १८८२ मध्ये ग्लॅडस्टन व ट्राइब या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी नेमक्या या गळतीपासून आपला अभ्यास सुरू केला. धन पट्टीवरचा लेड डायऑक्साइड आणि त्याखालचे शिसे एकमेकांना चिकटलेले असतात. आम्लात भिजल्यावर त्यांचाच एक छोटा घट बनतो. बाहेर तार जोडलेली नसली, तरी तो आतल्या आत चालू राहतो आणि लेड सल्फेट तयार करतो. पुढे त्यांनी दाखवले, की बॅटरी वापरतानाही दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटच बनते.

ताजे सल्फेट बारीक कणांचे असते, चार्ज करताच ते परत फिरते. तसेच पडून राहिले, तर लहान स्फटिक विरघळतात, मोठे वाढतात, आणि हे कठीण स्फटिक मग दाद देत नाहीत. शिवाय सल्फेट बनताना आम्ल खर्च होते व पाणी वाढते. हिवाळ्यात खरा घात होतो तो इथे. भरलेल्या बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १.२६५ च्या आसपास असते. तो सुमारे उणे ५७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. ते १.१ वर उतरले, की उणे ८ अंशांनाच बर्फ होतो आणि पेटी तडकते. गळती स्वतः मात्र थंडीत मंदावते व उन्हाळ्यात वाढते. आपल्या शाळेतील संचायक मे महिन्याच्या सुट्टीनंतर मान टाकतो, तो यामुळेच.

गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक मोटारसायकलींना ही काळजीच नव्हती. ठिणगीसाठी मॅग्नेटो, दिव्यासाठी कार्बाइड, सुरू करायला पायाची लाथ! विजेचे दिवे आणि पुढे बटणाने सुरू होणारे इंजिन आले, तशी बॅटरी अटळ झाली.

गळती वाढण्यात आणखी एका सुधारणेचा हात होता. शिसे मऊ, म्हणून १८८१ मध्ये सेलन यांनी पट्ट्यांच्या जाळीसाठी त्यात अँटिमनी मिसळले. जाळी कणखर झाली, पण अँटिमनी हळूहळू आम्लात उतरून ऋण पट्टीवर जमते आणि गळतीला वेग देते. त्याऐवजी कॅल्शियम वापरावे, असे १९३५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हॅरिंग व टॉमस यांनी सुचवले. त्यांच्यासमोर मोटारसायकली नव्हत्या, टेलिफोन केंद्रांतील बॅटऱ्या होत्या. मोटारींपर्यंत ही जाळी पोचायला १९७० चे दशक उजाडले, नंतर ती दुचाकींतही आली. तिच्यामुळे गळती कित्येक पटींनी घटली, थांबली मात्र नाही. म्हणून आजही तिकडच्या गॅरेजमध्ये, चादरीखाली झाकलेल्या मोटारसायकलीला एक छोटा चार्जर हिवाळाभर जोडून ठेवलेला दिसतो.