द वायर (हंगाम ३)

'द वायर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा तिसरा हंगाम एचबीओ या वाहिनीवर १९ सप्टेंबर ते १९ डिसेंबर २००४ या काळात प्रसारित झाला. या हंगामात एकूण १२ भाग आहेत. मालिकेची निर्मिती डेव्हिड सायमन यांची असून एड बर्न्स हे त्यांचे प्रमुख सहलेखक होते. मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात चालणारा अमली पदार्थांचा व्यापार आणि त्याचा माग काढणारी पोलीस यंत्रणा हा मालिकेचा मूळ विषय आहे. पहिल्या हंगामात सरकारी गृहसंकुले आणि दुसऱ्यात शहराचे बंदर केंद्रस्थानी होते. तिसऱ्या हंगामात नगर प्रशासन आणि निवडणुकीचे राजकारण यांची भर पडते. 'सुधारणा' हे या हंगामाचे सूत्र आहे. पोलीस दल, गुन्हेगारी टोळी आणि नगर परिषद या तिन्ही ठिकाणी कोणीतरी जुनी रीत मोडू पाहतो आणि त्याची किंमत मोजतो. यांपैकी एका पोलीस अधिकाऱ्याने गुपचूप उभारलेला 'हॅम्स्टरडॅम' हा मुक्त विक्रीचा टापू हा हंगामाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग आहे.

पार्श्वभूमी

सायमन हे 'बाल्टिमोर सन' या दैनिकात दीर्घकाळ गुन्हेवार्ताहर होते. बर्न्स यांनी बाल्टिमोर पोलीस दलाच्या मनुष्यवध विभागात काम केले होते आणि त्यानंतर ते शाळेत शिक्षक झाले. शहराच्या एका नाक्यावरील विक्रेते, व्यसनी आणि त्यांची कुटुंबे यांच्यावर दोघांनी मिळून लिहिलेले 'द कॉर्नर' हे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मालिकेतील नाक्यांचे तपशील मुख्यतः या अनुभवातून आले आहेत.

हंगामाची सुरुवात 'फ्रँकलिन टेरेस' या काल्पनिक संकुलातील उंच इमारती स्फोटकांनी पाडण्याच्या दृश्याने होते. बाल्टिमोरमध्ये हे प्रत्यक्ष घडले होते. लाफाएट कोर्ट्सच्या इमारती १९९५ मध्ये आणि लेक्सिंग्टन टेरेसच्या १९९६ मध्ये पाडण्यात आल्या. मालिकेत महापौर क्लॅरेन्स रॉयस नव्या पर्वाची ग्वाही देत असतानाच धुळीचा लोट जमलेल्या लोकांवर येतो. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यू यॉर्कमधील दृश्यांची ही आठवण हेतुपुरस्सर आहे. अखेरच्या भागाचे शीर्षक 'मिशन अकम्प्लिश्ड' असे आहे. इराक युद्धातील प्रमुख लढाई संपल्याचे अमेरिकेच्या अध्यक्षांनी १ मे २००३ रोजी ज्या युद्धनौकेवरून जाहीर केले, तिच्यावरील फलकाचे हे शब्द होत. न संपणारे युद्ध आणि त्यातील विजयाच्या घोषणा हे साम्य हंगामभर सूचित केले आहे.

कथानक

इमारती पडल्याने बार्क्सडेल टोळीचे हक्काचे नाके गेले आहेत. टोळीप्रमुख एव्हन बार्क्सडेल तुरुंगात आहे आणि कारभार त्याचा बालमित्र स्ट्रिंगर बेल पाहतो. स्ट्रिंगरने महाविद्यालयात अर्थशास्त्राचे वर्ग केलेले आहेत. नाक्यांसाठी रक्त सांडण्यापेक्षा चांगला माल एकत्र, घाऊक भावाने विकत घ्यावा आणि वाटून विकावा असे त्याचे मत आहे. यासाठी तो प्रपोझिशन जो या जुन्या व्यापाऱ्यासह टोळ्यांचा सहकारी संघ चालवतो. संघाच्या बैठका तो सभाशास्त्राच्या नियमांनुसार घेऊ लागतो. एका बैठकीत त्याचा माणूस इतिवृत्त लिहू लागतो, तेव्हा गुन्हेगारी कटाची टिपणे काढल्याबद्दल स्ट्रिंगर त्याच्यावर भडकतो. या एका प्रसंगात त्याच्या सुधारणेची मर्यादा दिसते.

मात्र मार्लो स्टॅनफील्ड हा तरुण प्रतिस्पर्धी संघात यायला तयार नाही. हंगामाच्या मध्यावर पॅरोलवर सुटलेला एव्हन नाके परत मिळवण्यासाठी युद्ध पुकारतो. स्ट्रिंगरला टोळीचा पैसा इमारत बांधणीत गुंतवून प्रतिष्ठित व्हायचे आहे. पण त्या जगाचे नियम त्याला ठाऊक नाहीत आणि राज्य सिनेटर क्ले डेव्हिस परवानग्या मिळवून देण्याच्या नावाखाली त्याला फसवतो. अखेर दोघेही मित्र एकमेकांना दगा देतात. स्ट्रिंगर एव्हनच्या लपण्याची जागा पोलिसांना कळवतो, तर एव्हन त्याला टोळ्यांना लुटणारा ओमर लिटल आणि न्यू यॉर्कचा मारेकरी ब्रदर मूझोन यांच्या हवाली करतो. त्याआधीच्या रात्री बंदराकडे तोंड असलेल्या सज्जात दोघे लहानपणीच्या आठवणी काढत बसतात. समोरचा काय करून बसला आहे याची दोघांनाही कल्पना नसते. स्ट्रिंगरच्या मृत्यूनंतर त्याच्या घराची झडती घेताना डिटेक्टिव्ह जिमी मॅकनल्टीला ॲडम स्मिथ यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ सापडतो आणि आपण कोणाचा पाठलाग करत होतो असा प्रश्न त्याला पडतो.

पोलिसांचा विशेष तपास गट याच काळात टोळीच्या वापरून फेकायच्या मोबाइल फोनांशी झगडतो. टोळीचे फोन ठरावीक काळाने बदलत असल्याने न्यायालयाचा आदेश हाती येईपर्यंत जुना क्रमांक निरुपयोगी झालेला असतो. त्यावर लेस्टर फ्रीमन हा अनुभवी डिटेक्टिव्ह तोतया विक्रेता बनतो आणि आधीच नोंद ठेवलेले फोन टोळीलाच विकतो.

चौदा वर्षांचा तुरुंगवास भोगून सुटलेल्या डेनिस 'कटी' वाइझची कथा इतरांपासून थोडी अलग चालते. तो पुन्हा टोळीत जातो. पण ऐन वेळी माणूस मारणे त्याच्याने होत नाही. तो एव्हनला तसे स्पष्ट सांगतो आणि वस्तीतील मुलांसाठी मुष्टियुद्धाची तालीम सुरू करतो. त्या तालमीचा खर्च एव्हनच देतो. या हंगामात ज्याचा सुधारण्याचा प्रयत्न टिकून राहतो असे हे जवळजवळ एकमेव पात्र आहे.

हॅम्स्टरडॅम

पश्चिम विभागाचे प्रमुख मेजर हॉवर्ड 'बनी' कॉल्विन निवृत्तीला आले आहेत. पोलीस मुख्यालयाच्या साप्ताहिक आढावा बैठकीत विभागप्रमुखांना गुन्ह्यांचे आकडे कमी करून दाखवण्याचा हुकूम मिळतो. शक्य नसल्यास आकडे कसेही कमी करा, हा त्याचा उघड अर्थ असतो. याच सुमारास किरकोळ अमली पदार्थ खरेदीच्या सापळ्यात डोझरमन हा पोलीस गोळी लागून गंभीर जखमी होतो. काही डॉलरांच्या मालासाठी एक माणूस मरता मरता वाचला, ही गोष्ट कॉल्विन यांना स्वस्थ बसू देत नाही.

दुसऱ्या भागात आपल्या पोलिसांसमोर बोलताना ते कागदी पिशवीचे उदाहरण देतात. रस्त्यावर मद्यपान करण्यास कायद्याने बंदी होती. पण गरिबांसाठी नाका हीच बसण्याची जागा होती. बंदी मोडणाऱ्या प्रत्येकाला पकडत बसले तर पोलिसांना दुसरे काम उरले नसते. मग कोणीतरी बाटली कागदी पिशवीत घातली. पोलिसांना बाटली दिसेनाशी झाली, पिणाऱ्यांचा मान राहिला आणि पोलिसांना खरे काम करण्यास वेळ मिळाला. अमली पदार्थांसाठी अशी पिशवी कधी सापडलीच नाही, असे कॉल्विन यांचे म्हणणे आहे.

यानंतर ते वरिष्ठांना न विचारता आपल्या हद्दीतील जवळजवळ ओस पडलेले तीन भाग निवडतात. तेथे विक्री केल्यास अटक होणार नाही, मात्र हिंसा चालणार नाही आणि बाकीचे नाके रिकामे झाले पाहिजेत, अशी अट घालतात. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅमचे उदाहरण दिल्यावर नाक्यावरची पोरे ते नाव चुकीचे ऐकतात आणि तो टापू 'हॅम्स्टरडॅम' म्हणून ओळखला जाऊ लागतो. कोणीही आपण होऊन तिकडे जात नाही. पोलिसांना विक्रेत्यांना अक्षरशः गाड्यांत भरून तेथे न्यावे लागते.

योजनेचे परिणाम मालिका दोन्ही बाजूंनी दाखवते. विभागातील गंभीर गुन्हे १४ टक्क्यांनी घटतात. बाकीच्या वस्त्यांत लोक पुन्हा ओट्यांवर बसू लागतात आणि एका बैठकीत नागरिक प्रथमच पोलिसांविषयी चांगले बोलतात. सर्व व्यसनी एकाच ठिकाणी मिळत असल्याने आरोग्यसेवकांना स्वच्छ सुया वाटणे व तपासणी करणे शक्य होते. विक्री उघड झाल्याने पहारा देणाऱ्या आणि निरोप नेणाऱ्या लहान मुलांचे काम मात्र जाते. तेव्हा सार्जंट कार्व्हर विक्रेत्यांकडून वर्गणी घेऊन या मुलांना एक प्रकारचा बेकारी भत्ता सुरू करतो आणि त्यांच्यासाठी बास्केटबॉलची जाळी लावतो. या व्यापारात मुले हे मजूरच होते, हे मालिका इतक्या साधेपणाने दुसरीकडे क्वचितच सांगते.

दुसरी बाजू भयाण आहे. व्यसनी खबऱ्या बबल्स रात्री त्या रस्त्याने जातो तेव्हा उघड्या घरांत नशेत पडलेली माणसे, मारामाऱ्या आणि भटकणारी मुले त्याला दिसतात. टापूत उरलेल्या एका वृद्ध रहिवासी स्त्रीला कॉल्विन घर बदलून देऊ करतात, पण तिचे घर तेथेच असते आणि त्यांच्याकडे तिला देण्यासारखे उत्तर नसते. टापूत खून झाल्यावर कार्व्हर मृतदेह हद्दीबाहेर हलवतो, म्हणजे योजना वाचवण्यासाठी तपासच बिघडवतो. पाणी, उपचार, सुया यांची काहीही सोय न करता माणसांना एका जागी कोंबण्याला सुधारणा म्हणता येणार नाही, असे कॉल्विन यांना वस्तीतील 'डीकन' हा धर्मसेवक सुनावतो. आरोग्यसेवक तेथे येतात ते त्यानंतरच.

बातमी अखेर वृत्तपत्रापर्यंत पोहोचते. ती फोडणारा हर्क हा कॉल्विन यांच्याच हाताखालचा पोलीस असतो. गुन्ह्यांचे आकडे पाहून महापौर काही काळ विचारात पडतात आणि योजना वेगळ्या नावाने चालू ठेवता येईल का याची चाचपणी करतात. पण या दिरंगाईचा लाभ महापौरपदावर डोळा असलेला नगरसेवक टॉमी कार्सेटी उठवतो. उपायुक्त रॉल्स वाग्नर यांचे संगीत वाजवत टापूवर धाड घालतात. या धाडीच्या वेळी बबल्सचा मित्र जॉनी एका रिकाम्या घरात मृतावस्थेत आढळतो. कॉल्विन यांना खालच्या पदावर उतरवून निवृत्त केले जाते. त्यामुळे त्यांचे निवृत्तिवेतन घटते आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ठरलेली सुरक्षाप्रमुखाची नोकरीही जाते. शेवटच्या दृश्यात जमीनदोस्त केलेल्या टापूच्या ढिगाऱ्यापाशी ते उभे असताना बबल्स आपली हातगाडी ढकलत तेथे येतो आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलून जातो.

वास्तवाशी संबंध

कॉल्विन यांचा प्रयोग काल्पनिक असला तरी त्यामागची चर्चा बाल्टिमोरला नवी नव्हती. १९८७ ते १९९९ या काळात महापौर असलेले कर्ट श्मोक यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतील महापौरांच्या परिषदेत अमली पदार्थांच्या गुन्हेगारीकरणाचा फेरविचार करण्याची मागणी केली होती. महापौर होण्यापूर्वी ते स्वतः सरकारी वकील होते, त्यामुळे ही मागणी विशेष गाजली. त्यांच्या कारकिर्दीत १९९४ मध्ये शहरात सुया बदलून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. या हंगामात श्मोक यांनी शहराच्या आरोग्य आयुक्तांची छोटी भूमिका केली आहे. म्हणजे काल्पनिक महापौरांना सल्ला देणारा माणूस हा खरा माजी महापौरच आहे.

स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्लात्सस्पित्झ या उद्यानात अमली पदार्थांचे उघड सेवन चालू दिले होते. तेथेही आरोग्यसेवक पोहोचले आणि तेथेही बकालपणा वाढला. १९९२ मध्ये ते उद्यान बंद करण्यात आले. त्यानंतर त्या देशाने मात्र वैद्यकीय देखरेखीखालील उपचारांचा मार्ग धरला. हॅम्स्टरडॅमला असा पुढचा टप्पा मिळत नाही.

'डीकन'ची भूमिका मेल्विन विल्यम्स यांनी केली. ते एकेकाळी बाल्टिमोरमधील मोठे अमली पदार्थ व्यापारी होते. त्यांच्याविरुद्धच्या पोलीस तपासात बर्न्स सहभागी होते, तर सायमन यांनी त्यांच्यावर वृत्तपत्रात लेखमाला लिहिली होती. 'स्नूप' या पात्राद्वारे याच हंगामात पदार्पण करणाऱ्या फेलिशिया पिअर्सन याही बाल्टिमोरच्याच.

निर्मिती

मालिकेचे कार्यकारी निर्माते रॉबर्ट कोल्सबेरी यांचे चित्रीकरणापूर्वी, फेब्रुवारी २००४ मध्ये, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे निधन झाले. ते रे कोल या डिटेक्टिव्हची भूमिकाही करत. 'डेड सोल्जर्स' या तिसऱ्या भागात सहकारी पोलीस कोलला मद्यगृहात निरोप देतात. तो प्रसंग कोल्सबेरी यांना वाहिलेली श्रद्धांजली आहे.

जॉर्ज पेलेकॅनोस यांच्या जोडीला रिचर्ड प्राइस आणि डेनिस लेहेन हे गुन्हेकथांसाठी प्रसिद्ध असलेले कादंबरीकार या हंगामापासून लेखनात सामील झाले. दिग्दर्शकांमध्ये अर्नेस्ट डिकरसन आणि पोलिश दिग्दर्शिका ॲग्निएश्का हॉलंड यांचा समावेश होता. शीर्षकगीत प्रत्येक हंगामात वेगळ्या गायकांच्या आवाजात असते. या वेळी ते नेव्हिल ब्रदर्स यांनी गायले.

मॅकनल्टीची भूमिका डॉमिनिक वेस्ट, स्ट्रिंगरची इद्रिस एल्बा, एव्हनची वुड हॅरिस, ओमरची मायकेल के. विल्यम्स आणि बबल्सची आंद्रे रोयो यांनी केली. कॉल्विन (रॉबर्ट विझडम), कार्सेटी (एडन गिलन), मार्लो (जेमी हेक्टर) आणि कटी (चॅड कोलमन) ही प्रमुख पात्रे या हंगामात नव्याने आली. वेस्ट व एल्बा हे इंग्लंडचे, तर गिलन हे आयर्लंडचे आहेत.

प्रतिसाद

समीक्षकांनी हंगामाची प्रशंसा केली, परंतु प्रेक्षकसंख्या बेताचीच राहिली. स्ट्रिंगरच्या मृत्यूचा 'मिडल ग्राउंड' हा अकरावा भाग २००५ मध्ये एमी पुरस्काराच्या नाट्यमालिका लेखन विभागात नामांकित झाला. पुरस्कार मात्र मिळाला नाही.

मार्च २००८ मध्ये सायमन, बर्न्स, पेलेकॅनोस, प्राइस आणि लेहेन यांनी 'टाइम' या साप्ताहिकात संयुक्त लेख लिहिला. अहिंसक अमली पदार्थ खटल्यात ज्यूरी म्हणून बसण्याची वेळ आली, तर पुरावा काहीही असो, आपण आरोपीला निर्दोष ठरवू असे त्यांनी त्यात जाहीर केले.

तिसऱ्या हंगामानंतर मालिका पुढे चालवावी की नाही याबाबत एचबीओचा निर्णय बराच काळ झाला नव्हता. चौथा हंगाम सुमारे पावणेदोन वर्षांनी, सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाला. त्यात कॉल्विन शहरातील एका शाळेत, नाक्यावरच्या मुलांसाठी चाललेल्या एका प्रयोगात काम करताना पुन्हा दिसतात.